गिटमध्ये टाकलं की जागा वाचते का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गिट (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं सॉफ्टवेअर) फक्त बदल साठवतं असं ऐकलंय. अख्खं होम फोल्डर त्यात टाकलं तर डिस्क मोकळी होईल का?

उलट जास्त भरेल. फाइल जागच्या जागी राहतेच, वर गिटच्या लपलेल्या फोल्डरात तिची आणखी एक प्रत जाते. शिवाय ऐकीव माहिती अर्धीच खरी आहे. कमिट करताना, म्हणजे त्या क्षणाची आवृत्ती नोंदवताना, गिट पूर्ण फाइल झेडलिब या लायब्ररीने दाबून ठेवतं, तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशच्या (ठरावीक लांबीच्या खुणेच्या) नावाने. तीच फाइल दहा फोल्डरांत असली तरी आत प्रत एकच. ‘गिट जीसी’ ही आवराआवरीची आज्ञा चालवल्यावर सगळं एकत्र बांधलेली पॅकफाइल बनते, तेव्हा कुठे मिळत्याजुळत्या फाइलींमधला नुसता फरक ठेवला जातो. वाचते ती जुन्या आवृत्त्यांची जागा.

प्रश्न : प्रबंधाची वर्ड फाइल रोज कमिट करतो. रिपॉझिटरी (गिटचा साठा) फुगत चालली आहे.

वर्डची डॉक्स फाइल म्हणजे मुळात झिप, आधीच दाबलेली. आत एक वाक्य बदललं तरी पुढचे दाबलेले बाइट बदलतात आणि फरक काढून फारसं हाती लागत नाही. लिबरऑफिसमध्ये ‘फ्लॅट एक्सएमएल’ प्रकारात सेव्ह करा. फाइल मोठी दिसेल, पण गिटला ती मानवते. जेपेग आणि एमपी४ यांचं रडगाणं तेच, त्यांना मात्र असा सोपा उपाय नाही.

प्रश्न : चुकून टाकलेला व्हिडिओ डिलीट करून कमिट केलं, तरी आकार तेवढाच!

इतिहासात तो आहेच. बॅकअप घेऊन ‘गिट फिल्टर-रिपो’ या इतिहास नव्याने लिहिणाऱ्या साधनाने काढा. कमिटचे हॅश बदलतील, सहकाऱ्यांना नव्याने क्लोन करायला (पूर्ण प्रत उतरवून घ्यायला) सांगा.

प्रश्न : मग सारख्या मजकुराची एकच प्रत ठेवायचं हे तंत्र थेट फाइलसिस्टिमला (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेला) लावता येत नाही का?

येतं, आणि खरी बचत तिथेच आहे. बेल लॅब्जच्या ‘व्हेंटी’ या साठवण-प्रणालीने २००२ मध्येच हॅशवरून ब्लॉक (डेटाचे तुकडे) साठवून दाखवले होते. आज बीटीआरएफएस किंवा एक्सएफएस या लिनक्सच्या फाइलसिस्टिमवर ‘सीपी’ या कॉपीच्या आज्ञेला रिफ्लिंकचा पर्याय दिला की प्रत तयार होते, पण बदल होईपर्यंत दोन्ही फाइली तेच ब्लॉक वापरतात. आधीच्या डुप्लिकेट फाइलींसाठी ‘ड्युपरिमूव्ह’ आहे. झेडएफएस या फाइलसिस्टिमचं डीड्यूप (सारखे ब्लॉक आपोआप एकदाच ठेवणं) मात्र घरच्या मशीनवर सुरू करू नका. जुन्या पद्धतीत दर वेगळ्या ब्लॉकमागे सुमारे ३२० बाइट मेमरी धरतात. १२८ केबीचे ब्लॉक असतील तर १ टीबीला अडीच जीबी रॅम ब्लॉकची नोंद ठेवणाऱ्या नुसत्या तक्त्यात जाते. लहान ब्लॉक असतील तर विचारूच नका. बॅकअपसाठी बोर्ग किंवा रेस्टिक घ्या. ते फाइलीचे तुकडे आतल्या मजकुरावरून पाडतात, त्यामुळे सुरुवातीला चार ओळी घुसवल्या तरी पुढचे तुकडे जुनेच राहतात.