प्रीपोझिशनचे अर्थ पाठ आहेत, तरी वाक्यात चुकतात. काय करावं?

'इन' म्हणजे आत, 'ऑन' म्हणजे वर, हा तक्ता तोंडपाठ असूनही बोलताना गडबड होते, असं तुम्ही लिहिलंय. तो तक्ताच आधी बाजूला ठेवा. मी शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेते. निम्म्या चुका त्या तक्त्यातूनच येतात.

आपले प्रत्यय नामाला मागून चिकटतात आणि इंग्रजीत ते काम नामाच्या आधी येऊन होतं, एवढं सगळ्यांना लवकर जमतं. घोळ होतो तो मराठीतला एक शब्द इंग्रजीत फुटतो तिथे. 'सोमवारपर्यंत फॉर्म भरा' आणि 'सोमवारपर्यंत थांबा', दोन्हीकडे 'पर्यंत'च. पण फॉर्म एकदाच भरायचा असतो, सोमवार ही त्याची मुदत, म्हणून 'बाय मंडे'. थांबणं मात्र सोमवार उजाडेपर्यंत चालूच राहतं, म्हणून 'टिल मंडे'. 'आय विल सेंड इट टिल मंडे' म्हणालात तर अर्थ होतो, सोमवारपर्यंत पाठवतच राहीन!

'पासून'ची तीच कथा. '2019 पासून' म्हणजे 'सिन्स 2019', कारण सुरुवात कधी झाली ते सांगितलंय. 'दोन वर्षांपासून' म्हणताना सांगतो ती किती काळ ही गोष्ट, म्हणून 'फॉर टू इयर्स'. सोबत क्रियापदाचा काळही बदलतो: 'आय हॅव बीन लिव्हिंग हियर फॉर टू इयर्स'. 'आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स टू इयर्स' आपल्याकडे इतकं रुळलंय की ऐकताना खटकतही नाही. परीक्षेत मात्र मार्क जातात.

'ने'सुद्धा असाच: बसने 'बाय बस', पण चाकूने 'विथ अ नाइफ'. बसमध्ये बसलेला माणूस 'ऑन द बस', कारमधला 'इन द कार'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे 'ऑन', हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो.

क्रियापदांशी जोडलेल्या प्रीपोझिशनमध्ये मात्र तर्क शोधत बसू नका, हाती काही लागत नाही. 'लिसन'ला 'टू' हवं, 'रीच'ला नको. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येत नाही. लग्न आपण कुणाशी तरी करतो, म्हणून मुलं 'मॅरीड विथ' लिहितात. हवं 'मॅरीड टू'. वहीत नुसतं 'डिपेंड' लिहू नका, 'डिपेंड ऑन' असं जोडीनेच लिहा.

आणि रोज इंग्रजी पेपरातली एकच बातमी घ्या. त्यातली प्रीपोझिशन अधोरेखित करून, तिथे मराठीत आपण काय म्हटलं असतं ते समासात लिहा. पुस्तकातले 'गाळलेल्या जागा भरा'चे प्रश्न नंतर सोडवा.