रिलेटिव्हिटी शिकायचीय तर आधी ती चादर बाजूला ठेवा

तुम्ही विचारलंय की बी.कॉम. झालंय, वय ३४, गणित बारावीपर्यंतचं आणि तेही विसरत आलेलं, तर आइन्स्टाईनची रिलेटिव्हिटी (सापेक्षतावाद) आणि गुरुत्वाकर्षण नुसतं गोष्टीसारखं नाही तर खरंच समजून घेता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची. येईल. मी सोलापूरचा, डिप्लोमा मेकॅनिकल, टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आणि गेली पाच वर्षं रात्री जेवण झाल्यावर तासभर हेच करायलोय, त्यामुळे सांगतोय ते सगळं स्वतः अडून अडून कळलेलं आहे.

पहिलं म्हणजे ते चादरीचं चित्र डोक्यातून काढा. प्रत्येक व्हिडिओत असतं बघा, ताणलेली चादर, मधे जड गोळा, चादरीला खड्डा आणि एक गोटी त्याच्याभोवती गोल गोल फिरते, झालं अवकाश वाकलं. आता सोलापूरच्या माणसाला चादर म्हटल्यावर लगेच पटतं, मलाही पटलं, आणि त्यातच माझी पहिली दोन वर्षं गेली. कारण बघा की, गोळ्याने चादरीला खड्डा पडतो तो कशामुळे? खालून पृथ्वी ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावायला परत गुरुत्वाकर्षणच वापरलं. आणि त्या चित्रात वेळ कुठेच नाही. हातातून पेला निसटून खाली पडतो ना, त्यात अवकाशाच्या वाकण्याचा वाटा नगण्य असतो, जवळजवळ सगळं काम वेळेचं असतं. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं म्हणून तुम्हाला सांगतोय.

मग सुरुवात कुठून? पाण्याच्या बाटलीपासून. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ खिळ्याने भोक पाडा, झाकण काढून पाणी भरा, धार लागेल. आता तीच बाटली गच्चीवरून सोडून द्या (खाली कुणाला तरी बघायला उभं करा, जरा लांब). पडत असताना धार थांबते. पाणीही पडतंय, बाटलीही पडतेय, दोघं एकाच वेगाने, मग पाण्याने बाहेर यायचं कशाला. पडणाऱ्याला गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही. आइन्स्टाईन १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरीला असताना त्याला हेच सुचलं आणि पुढची आठ वर्षं तो याच्याच मागे होता.

पण मग गुरुत्वाकर्षण खोटं का? नाही, आणि इथे गवंड्याचा ओळंबा कामाला येतो. मी सोलापुरात ओळंबा सोडला आणि तुम्ही पुण्यात सोडला, तर दोन्ही पृथ्वीच्या मध्याकडे जाणार, म्हणजे ते समांतर नाहीत, त्यांच्यात साधारण २ अंशांचा फरक आहे. माझं खाली आणि तुमचं खाली वेगळं. दोघांनी एकेक दगड सोडला तर ते पडता पडता किंचित एकमेकांकडे सरकणार. एका जागचं गुरुत्वाकर्षण बाटलीसारखं पडून घालवता येतं, पण हा दोन जागांमधला फरक काही केल्या जात नाही, आणि जो जात नाही तोच खरा, त्यालाच वक्रता म्हणतात. चादर वापरायचीच असेल तर अशी वापरा, जाड चादर पाइपाला गुंडाळा, एक चुणी पडत नाही, मडक्याला गुंडाळा, चुण्या पडणारच. पाइप बाहेरून वाकडा दिसतो पण गणिताच्या हिशोबाने सपाट, मडकं मात्र खरंच वक्र. मला टेन्सर (वक्रता मोजायला लागणारं गणित) कळायला लागले ते या चुण्यांमुळे.

आता वेळ. जमिनीजवळचं घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा हळू चालतं, हे १९६० मध्ये पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्डला साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात मोजून दाखवलं. हिशोब सोपा आहे, g (गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग, ९.८) गुणिले उंची भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे. ९.८ गुणिले ४५० म्हणजे ४४१०, त्याला ९ वर १६ शून्यांनी भागा, आणि वर्षाच्या साधारण ३ कोटी १५ लाख सेकंदांनी गुणा. दीड मायक्रोसेकंद येतं. मुंबईत समुद्राला लागून ठेवलेल्या घड्याळापेक्षा आमच्या इथलं घड्याळ वर्षाला दीड मायक्रोसेकंद पुढे जातं. मला हे उत्तर आलं त्या दिवशी मी कारखान्यात चार जणांना सांगितलं. आणि फोनमधल्या जीपीएसच्या उपग्रहांना तर हे लांब ठेवून चालतच नाही, त्यांची घड्याळं उंचीमुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे आणि वेगामुळे ७ मागे, मिळून ३८ पुढे जातात, आणि ३८ मायक्रोसेकंदात प्रकाश ११ किलोमीटर जातो. म्हणून ती घड्याळं वर पाठवायच्या आधीच मुद्दाम किंचित हळू लावलेली असतात.

यावरून पडणं म्हणजे काय ते सांगतो, माझ्या मते सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. दगड वर फेकला आणि तो दोन सेकंदांनी हातात परत आला. मधल्या वेळेत त्याच्या अंगावर घड्याळ बांधलं असतं तर? वर गेल्यावर ते जोरात चालणार, पण वर जायचं तर वेगाने पळावं लागतं आणि वेगामुळे ते हळू होणार. फार वर गेला तरी तोटा, वर गेलाच नाही तरी तोटा. दगड नेमका असा रस्ता धरतो ज्यात त्याच्या स्वतःच्या घड्याळात जास्तीत जास्त वेळ जमा होतो. ओढणारं कुणी नाही.

आता अभ्यासाचं. आधी स्पेशल रिलेटिव्हिटी, १९०५ ची, गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवून नुसत्या वेगाचा हिशोब करणारी, त्याला पायथागोरस आणि वर्गमूळ एवढंच लागतं, खरंच. आमच्या शेताची मोजणी दोनदा झाली, दोघांनी उत्तर दिशा थोडी वेगवेगळी धरली, त्यामुळे पूर्वेकडे किती उत्तरेकडे किती हे आकडे जुळेनात, पण बांधाच्या दोन दगडांमधलं अंतर दोघांचं एकच. रिलेटिव्हिटी तशीच आहे, तुमचा वेळ आणि माझा वेळ वेगळा, तुमचं अंतर माझं अंतर वेगळं, पण वेळेचा वर्ग वजा अंतराचा वर्ग (अंतर प्रकाश-सेकंदात घेऊन) दोघांचा एकच येतो. तो वजा जिथे कळला तिथे अर्धं काम झालं. ताळा करायला म्युऑन घ्या, हा कण सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो, तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जाईल, तरी १५ किलोमीटर वर तयार झालेले म्युऑन आत्ता तुमच्या तळहातातून जातायत, कारण एवढ्या वेगात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा फार हळू चालतं.

मग कॅल्क्युलस परत काढा, त्यात पार्शल डेरिव्हेटिव्ह (बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलली तर किती फरक पडतो ते) शिका, सहा महिने द्या. टेन्सरला लगेच हात घालू नका, मी घातला आणि वहीभर खालीवर अक्षरं लिहून काहीच कळलं नाही. जेम्स हार्टल यांचं ‘ग्रॅव्हिटी’ हे इंग्रजी पुस्तक त्यासाठीच चांगलं आहे की ते आधी फिजिक्स सांगतं आणि जड गणित नंतर आणतं. लेनर्ड सस्किंड या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांची लेक्चर यूट्यूबवर फुकट आहेत, पण नुसती बघू नका, थांबवून वहीत करा. आणि हा विषय आपला नाही असं वाटू देऊ नका, प्र. चु. वैद्य गणित शिकवणारा माणूस, बनारसला विष्णु वासुदेव नारळीकरांकडे (जयंत नारळीकरांचे वडील, कोल्हापूरचे) गेले आणि १९४३ मध्ये प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचं गुरुत्वाकर्षण काढून दाखवलं, ते आज जगभर वैद्य मेट्रिक (मेट्रिक म्हणजे वक्र अवकाश-वेळेत अंतर मोजायचं सूत्र) म्हणून शिकवतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो (गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा) होणार आहे, ४ किलोमीटरच्या भुजांचं, प्रोटॉनच्या शतांशाहून कमी फरक पकडणारं.

एक टप्पा मात्र ठरवून ठेवा, बुधाचा. बुधाची कक्षा न्यूटनच्या हिशोबापेक्षा थोडी जास्त फिरते हे ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १८५९ मध्ये दाखवलं होतं, नंतरच्या हिशोबात हा फरक शंभर वर्षांत ४३ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ठरला, आणि कारण कुणाला सापडत नव्हतं, ते नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाईनच्या गणितातून आपोआप आलं. तुम्हीही करा. एका फेरीचा फरक म्हणजे ६ गुणिले π (३.१४१६) गुणिले १.४७७ किलोमीटर (सूर्याचं वस्तुमान लांबीत मोजलं की एवढंच भरतं), भागिले ५ कोटी ५४ लाख ५० हजार किलोमीटर (बुधाच्या लांबट कक्षेचं माप), मग शतकातल्या ४१५ फेऱ्यांनी गुणा आणि रेडियनचे आर्कसेकंद करायला २,०६,२६५ ने. हे सूत्र नुसतं घेऊन आकडे टाकले तर पाच मिनिटांचं काम आहे, मला ते सूत्र स्वतः काढायला साडेतीन वर्षं लागली. त्या रात्री पावसाने लाईट गेली होती, मोबाईलच्या टॉर्चवर शेवटचा गुणाकार केला, ४२.९८ आलं. तीनदा परत केला, तेवढंच येत होतं. बायकोला उठवून दाखवलं. ते पान जपून ठेवलंय, पाहिजे असेल तर फोटो टाकतो.