पाण्याची वही

प्रिय बाळा,

तुझं पत्र वाचलं. बेळगावात वडगाव-खासबागच्या गल्ल्यांत आरोग्याचं काम सुरू करतेयस आणि पहिल्याच बैठकीत स्वच्छतेवर बोलणार आहेस म्हणे. बोलू नकोस.

मी ते करून बसले आहे. शहापुरातल्या एका गल्लीत हात धुण्याची चित्रं घेऊन गेले होते. मागावरून उठून आलेली एक बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, नळ आठवड्यानं येतोय. साबण लावीन, पण धुवू कशानं?" चित्रं गुंडाळून पिशवीत घातली. अजून माळ्यावर असतील.

म्हणून आधी पाण्याचं विचार. शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं हे तुला पाठ असेल. पण गल्लीच्या टोकाला ते कोणत्या वारी, किती वाजता आणि कसल्या रंगाचं येतं, हे तिथल्या बाईलाच ठाऊक. तिच्याकडूनच ते वहीत लिहून घे: तारीख, वेळ, रंग, वास. पलीकडच्या रकान्यात त्या आठवड्यात कुणाच्या घरी जुलाब, कुणाला ताप. नळ बंद असला की पाइपातला दाब जातो आणि फटीतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. मग नळ आला की पहिल्या हिसक्याला तेच घागरीत. आमच्या वहीत तीन महिन्यांनी दिसलं की जुलाब एकाच बाजूच्या सात घरांत फिरताहेत. तिथं खणलं तर गटाराखालचा पाइप फुटलेला निघाला. तोवर आम्ही त्या सात घरांनाच 'अस्वच्छ' म्हणत होतो.

2006 साली चिकुनगुन्यानं गल्लीच्या गल्ली अंथरुणाला खिळली, तेव्हाही आम्ही गटारात फवारणी करा म्हणून ओरडत होतो. तो डास गटारातला नव्हेच, आमच्या पिंपातल्या स्वच्छ पाण्यातला. अंड्यातून डास उडेपर्यंत सात ते दहा दिवस, आणि आमचं पाणी आठव्या दिवशी. हिशेब बरोबर जुळत होता! नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने तग धरतात. काथ्यानं घासावं लागतं. 2008 साली शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. तिथं एकदा फिरून ये, म्हणजे पिंप भरून ठेवणं ही बायकांची खोड आहे असं कुणी म्हटलं तर उत्तर देता येईल.

महिला आरोग्य समितीचं विचारलंस. पन्नास ते शंभर घरांमागे एक समिती, वर्षाला पाच हजार रुपये निधी, हे कागदावर. निधी थोडा आहे, भांडण मात्र भरपूर होतं. आधीपासून बचत गट चालवणाऱ्या बायकांना घे, त्यांना हिशेबाची सवय असते. खर्च देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहा. नगरसेवकाच्या घरातली अध्यक्षा नको, त्याचा राग येणार हे धरून चाल. आणि खजिनदार तू मुळीच होऊ नकोस.

खोकल्याकडे मात्र लक्ष दे. यंत्रमागावरचा माणूस खोकला आला की "सुताची धूळ" म्हणतो आणि गोळी घेऊन पुन्हा मागावर उभा राहतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला की थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. क्षय निघाला तर साधारण सहा महिने औषध, आणि नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिन्याला एक हजार रुपये, पूर्वी पाचशे होते. ते थेट खात्यात येतात, म्हणून खातं चालू आहे का ते आधीच बघ. तिसऱ्या महिन्यात बरं वाटतं आणि औषध सुटतं. तेव्हा घरी जायचं. डोस विचारायच्या आधी चहा घ्यायचा.

आता अवघड भाग. तुझी वही मराठीत असेल, अर्ज कन्नडमध्ये लागेल. आमचा मराठी अर्ज एका कार्यालयात तीनदा परत आला. चौथ्यांदा शेजारच्या कन्नड घरातल्या कॉलेजच्या पोरीनं लिहून दिला, वहीतल्या तारखा जशाच्या तशा उतरवून. काही मंडळींनी मला "सीमाप्रश्न विसरलात काय?" असं विचारलं. विसरले नाही, आजही 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या दिवशी, काळी फीत लावते. पण त्या पोरीची आजीही त्याच नळाचं पाणी पीत होती. समितीत तिच्यासारखी एक तरी घे, नुसती अर्ज लिहायला नव्हे.

बैठकीची वेळ मागवाल्यांना विचारून ठरव. गणपतीच्या महिन्यात बैठक ठेवूच नकोस, मंडळाच्या पोरांना फक्त पिंपं घासायला बोलाव, येतात.

पुढच्या वेळी येशील तेव्हा वही घेऊन ये. जाड पुठ्ठ्याची घे आणि वर प्लास्टिक चढव, बायकांचे हात ओले असतात.

तुझी,
काकू