बायोस रिसेट करताय? आधी हे वाचा
बायोस (पीसी सुरू करणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) उघडत असेल तर मदरबोर्डवरची बॅटरी काढायच्या भानगडीत पडूच नकोस मित्रा, पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा आणि लोड डिफॉल्ट्स (मूळ सेटिंग्ज परत आणणं) कर, पण त्याआधी मोबाईलवर सगळ्या पानांचे फोटो काढ, विशेषतः साटा मोडचा (डिस्क कोणत्या पद्धतीने चालवायची ती सेटिंग), कारण तो रेडचा एएचसीआय (त्याच सेटिंगचे दोन पर्याय) झाला तर विंडोज बूटच होत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी पाहिजेच. स्क्रीनच येत नसेल तर मेन वायर काढ, पॉवर बटण दाबून उरलेला करंट जाऊ दे, मग मदरबोर्डवरची ती गोल सीआर२०३२ बॅटरी काढून पाच-दहा मिनिटं थांब. जुना पीसी दरवेळी तारीख विसरत असेल तर सेल नवाच टाक, स्वस्त असतो. नंतर बायोसमधलं एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) आधी चालू असेल तर परत चालू कर, नाहीतर रॅम स्लो चालेल.