मनाई मिळाली, पण दुसऱ्या दिवशीचं शपथपत्र कुठं आहे?

मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं विचारलं आहे: बांधाच्या वादात शेजाऱ्याविरुद्ध दावा लावला, एकतर्फी (समोरच्याला न ऐकता दिलेली) तूर्तातूर्त मनाई मिळाली, हुकमाचा फोटो त्याच संध्याकाळी शेजाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. तरी तीन आठवड्यांनी त्यानं जेसीबी लावून बांध फोडला. आता त्याला तुरुंगात पाठवता येईल का? बार्शी, माढा, अक्कलकोटकडूनही हाच प्रश्न येतो आणि चूकही तीच असते.

तुमच्या पत्रात सातबारा आहे, फेरफार आहे, भावकीचा सगळा इतिहास आहे. नाही ती एकच गोष्ट, आणि सगळं तिच्यावरच अडलंय. मनाई मिळाली त्या दिवशी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी तुम्ही कोर्टात शपथपत्र दाखल केलंत का?

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ (म्हणजे संहितेतलं मनाईचं प्रकरण), नियम ३ पाहा. समोरच्याला न ऐकता मनाई दिली, तर अर्जदारानं मनाईचा अर्ज, त्यासोबतचं शपथपत्र, दाव्याची प्रत आणि आधाराला घेतलेले कागद लगेच समोरच्याला हातोहात द्यायचे किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवायचे. तसं पाठवल्याचं शपथपत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायचं. प्रतिवादी चार असतील तर चार पाकिटं. शपथपत्रात कोणत्या पाकिटात कोणते कागद, किती पानं, कुठल्या पोस्टातून, किती वाजता हे लिहायचं आणि पावत्या जोडायच्या. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, म्हणून पाकीट देताना नोंदणी आणि पोच दोन्ही मागून घ्यायची.

लोक इथं चुकतात ते हुकमाच्या नकलेपायी. नक्कल मिळाली की एकदमच पाठवू म्हणतात, नक्कल चार दिवसांनी मिळते आणि मुदत गेलेली असते. नियमात हुकमाची नक्कल मागितलेलीच नाही. ती मागाहून पाठवा. बाकीचे कागद तर दावा दाखल केला तेव्हापासून तुमच्याकडेच आहेत. बेलीफ नोटीस बजावेल म्हणून थांबणंही चूकच, कारण ते कोर्टाचं काम वेगळं आणि हे तुमचं वेगळं. आणि 'वकिलांनी केलं असेल' हे मला पटत नाही. शपथपत्रावर सही तुमची लागते. ती केली की नाही, हे तुम्हालाच ठाऊक असायला हवं होतं.

ते दिलं नसेल तर काय? ए. वेंकटसुब्बैया नायडू विरुद्ध एस. चेल्लप्पन या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलंय की, एकतर्फी हुकूम मिळवून ही कर्तव्यं न पाळणाऱ्याला समोरच्यानं हुकूम मोडला अशी तक्रार करता येणार नाही. याच आदेश ३९ च्या नियम २अ खाली हुकूम मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास आणि मालमत्तेची जप्ती होऊ शकते खरी, पण शपथपत्र नसेल तर त्या अर्जात तुमची बाजू फार लंगडी. व्हॉट्सॲपमुळे त्याला हुकूम माहीत होता असा युक्तिवाद करता येईल. तो टिकेलच, असं मी सांगणार नाही.

दुसरं, हुकमाची शेवटची ओळ वाचा. 'पुढील तारखेपर्यंत' असं असेल आणि त्या तारखेला मुदतवाढ मागितली नसेल, तर जेसीबी आला त्या दिवशी मनाई होती का, इथूनच वाद सुरू होईल. रोजनाम्याची, म्हणजे कोणत्या तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, नक्कल काढा.

हुकूम आपोआप रद्द झालेला नाही, पण शेजारी नियम ४ खाली तो उठवायला अर्ज देईल. त्याआधी कागद आजच पाठवा आणि उशिराचं खरं कारण लिहून शपथपत्र द्या. मागची तारीख घालू नका. पोस्टाची पावती लगेच खोटं पाडते. मग निशाणी ५ वर, म्हणजे तुमच्या मूळ मनाईच्या अर्जावर, सुनावणी घ्या म्हणून अर्ज द्या. एकतर्फी मनाईनंतर ३० दिवसांत तो मूळ अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टानं करायचा असतो, नियम ३अ तेच सांगतो. प्रत्यक्षात निशाणी ५ वर तारखांमागून तारखा पडतात आणि तोवर शेतातली परिस्थिती बदलून जाते. निदान तुमच्याकडून एकही मुदत मागितली जाऊ नये.

बांध फुटल्यामुळे नुसत्या मनाईचा दावाही आता अपुरा पडू शकतो. शेजारी तुमच्या हद्दीत शिरला असेल तर दाव्यात दुरुस्ती करून तेवढ्या क्षेत्राचा ताबा किंवा बांध पूर्ववत करण्याचा हुकूम मागावा लागेल. यातलं नेमकं काय, ते कागद पाहून तुमच्या वकिलांनी ठरवावं. पण किती आर गेले, हे मोजणीशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनरचा (जागेची पाहणी करायला कोर्टानं नेमलेला माणूस) अर्ज द्या, भूमी अभिलेख खात्याकडे हद्द कायम मोजणीचे पैसे भरा. आणि तोवर स्वतः जेसीबी आणून बांध परत घालू नका, नाहीतर कमिशनरला पाहायला जागेवर काही उरणार नाही.