बल्ब बदलायच्या आधी अर्थिंग बघ

खंबाटकीत रात्री नीट दिसत नाही म्हणून जुन्या गाडीच्या हेडलाईटला १००/९० वॉटचे (हाय बीम/लो बीम) बल्ब टाकायला निघालायस, ते आधी थांबव. मूळचे ६०/५५ वॉटचे दोन बल्बच हाय बीमला १० अँपिअरच्या आसपास ओढतात, आणि तो सगळा करंट जुन्या स्विचमधून फिरून येतो. भार वाढवलास तर स्विच वितळायचा.

इंजिन आणि लाईट चालू ठेवून मल्टिमीटर लाव. बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग पेटत्या बल्बच्या होल्डरला मागून मोज. तिथं व्होल्ट-दीड व्होल्ट कमी भरला, तर दोष बल्बचा नाही, वायरिंगचा. बहुतेक वेळा अर्थिंगच, म्हणजे करंट बॉडीतून परत नेणारी, बोल्टनं बॉडीला आवळलेली जोडणीच गंजलेली निघते. महाबळेश्वर-कासच्या पावसात फिरलेल्या गाडीत तर हमखास. बोल्ट काढ, खालचा पत्रा चकचकीत होईस्तोवर पॉलिश पेपरनं घास, परत घट्ट आवळ. कितीतरी गाड्यांचं काम इथंच भागतं.

नाहीच भागलं तर हाय आणि लो बीमला एकेक रिले बसव, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, ८७ वरून बल्ब, ८५-८६ ला स्विचची जुनी वायर आणि अर्थ. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूनं असतो, तेव्हा आधी मोज. फ्यूज बॅटरीलगतच हवा, कारण बॅटरी ते फ्यूज या टप्प्यातली वायर बॉडीला घासली तर आग लागू शकते. वायर पिळून चिकटपट्टी गुंडाळणं मला अजिबात पटत नाही. क्रिंप कर (धातूची टोपी वायरवर दाबून बसव), वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढव. आणि जोडणीला हात घालण्याआधी बॅटरीचं मायनस काढून ठेव.