जंप स्टार्टर घेताय? आधी एवढं बघा
जंप स्टार्टर म्हणजे बॅटरी उतरलेली गाडी सुरू करून देणारी, सोबत नेता येणारी छोटी बॅटरी. तिच्या डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात छापलेल्या 'पीक अँपिअर'ला भुलू नका. तो आकडा क्षणभर मिळणाऱ्या कमाल करंटचा असतो. इंजिन फिरवायला लागतो तो स्टार्टिंग करंट, आणि तो बारीक अक्षरात असतो. तोच शोधा. डिझेल इंजिनाला पेट्रोलपेक्षा बराच जास्त लागतो, त्यामुळे डिझेल गाडी असेल तर हात आखडू नका. प्लस-मायनस चुकून उलटे जोडले गेले तर त्यापासून संरक्षण हवंच.

जोडताना लाल चिमटा गाडीच्या बॅटरीच्या प्लसला, काळा इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलंय तिथे. चिमट्याचे दात गंजावर नाही, स्वच्छ धातूवर बसले पाहिजेत. पांढरी-हिरवी पूड दिसली तर आधी खरवडून काढा. गाडीचा स्टार्टर तीन-चार सेकंदच मारा, मग थोडं थांबा. सारखं किल्ली फिरवत राहिलात तर केबल तापते.

आणि कृपा करून जंप स्टार्टर उन्हात तापलेल्या गाडीत महिनोन्महिने ठेवू नका, आतल्या लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. दर तीन महिन्यांनी चार्ज तपासा. डबा जरा जरी फुगलेला वाटला तरी वापर तिथेच बंद करा आणि ई-कचऱ्यात द्या.